गाडी येऊन राह्यली

दुर्गे बाईंनी माझी नोकरी वाचवली. रजनी दुर्गे. पोंभुर्ण्याच्या रस्त्याला आमचा बांबूचा कारखाना आहे, तिथल्या त्या मॅनेजर होत्या. त्यांचं नाव आधीच लिहून टाकतो. पुढची हकिगत सांगायला लागलो की अजून माझ्या छातीत धडधडतं, आणि धडधडत असताना माणूस नको ते सगळं बोलतो अन् ज्याचं नाव घ्यायचं तेच राहून जातं.

मी संपत. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला. आठवीत शाळा सोडली, गाडी शिकलो, आणि आमच्या कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात साहेबांची गाडी चालवायला लागलो. एके दिवशी मोहिते साहेब म्हणाले, ‘‘संपत, चंद्रपूरला जायचंय.’’ मी दोन दिवसांचे कपडे घेतले. कारखान्याच्या दारात पोचल्यावर साहेब उतरले आणि म्हणाले, ‘‘गाडी इथंच राहणार. तूही इथंच.’’ मी हसलो. मला वाटलं, साहेब गंमत करतायत. साहेब कधीच गंमत करत नाहीत हे मला माहीत होतं, तरी हसलो. घरी आईला फोन केला तर ती म्हणाली, ‘‘चंदरपूर म्हंजे पंढरपूरच्या पुढं का?’’ तिला काय सांगणार? मलाच माहीत नव्हतं मी कुठं आलोय.

गेटवरच्या माणसानं मला हटकलं, ‘‘काऊन गा?’’

आमच्याकडं कावणं म्हणजे रागावणं. मी म्हटलं, ‘‘मी कुठं कावलोय? मी तर गप उभा आहे.’’

मागून कोणीतरी हसलं. खळखळून, तोंडावर हात न धरता. वळून पाहिलं तर पन्नाशीची, बुटकी बाई. सुती साडी, कपाळ मोकळं, साडीखाली पोरांचे खेळायचे पांढरे बूट, खांद्याला कापडी पिशवी. ‘‘अरे, काऊन म्हंजे कशाले आला असं विचारून राह्यला तो. कावला नाई कोणी. ये, भाकर खाल्ली का?’’ मला वाटलं स्वयंपाकाच्या बाई असतील. मी त्यांना माझी बॅग धरायला दिली. त्यांनी धरली. मागं मोहिते साहेबांनी डोळे मोठे केले तेव्हा मला कळलं की बॅग मॅनेजरच्या हातात आहे. त्या गावातला माझा हा पहिला धक्का. त्यानंतर बाईंनी मला इतके धक्के दिले की पहिला त्यातला सगळ्यात लहान.

दुसऱ्या दिवशी त्या गाडीत पुढं येऊन बसल्या. माझ्या शेजारी. पुण्यात आमच्याकडं असं नसतं, साहेब मागं बसतात. मी म्हटलं, ‘‘बाई, मागं बसा की.’’

‘‘मागं बसून काय तुह्या टकलासंगं बोलू?’’

आम्ही निघालो गडचिरोलीकडं. वैनगंगा ओलांडली की तो जिल्हा लागतो. घोट गावाच्या पुढं जंगलात गोंड लोकांचं एक गाव होतं. तिथल्या ग्रामसभेचा बांबू आमच्या कारखान्याला येणार की नाही, ते त्या दिवशी ठरायचं होतं. रस्ताभर बाईंनी मला विचारलं ते सगळं माझंच. तुह्याकडे विहिरीले काय म्हणते, भाकर कशाची, पाहुणा आला तर पयले पाणी का गूळ. मला वाटलं ह्या बाईंना काम नाही.

गावाजवळ आल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘संपत, एक ध्यानात ठेवजो. दार ज्याचं, सलाम त्याचा.’’

गाडीतून उतरून त्यांनी ‘सेवा जोहार’ म्हटलं. एका मोठ्या झाडाखाली माणसं बसली होती. मधोमध मडावी भाऊ. गावातले वडीलधारे, पांढऱ्या मिशा, खांद्यावर पंचा. सगळ्यांनी जोहार केला, आम्हाला बसायला दिलं, आणि गप्प झाले.

पण असं गप्प की झाडावरचं पाखरूसुद्धा ऐकू येत होतं. आता बाई बोलतील, आता बोलतील. बाई बोलेनात. मांडी घालून बसल्या आणि समोरच्या कोंबड्यांकडं बघत राहिल्या. कोणीतरी पाणी दिलं. परत गप्प. मी चुळबुळ करायला लागलो तशी बाईंनी माझ्याकडं न बघता नुसता हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, आई देवळात पोराला गप करते तसा.

बऱ्याच वेळानं मडावी भाऊ म्हणाले, ‘‘बाई, जेवून जाजा.’’

‘‘हव जी,’’ बाई म्हणाल्या.

आम्ही जेवलो. बाईंनी पिशवीतली जवसाच्या चटणीची डबी काढून मधे ठेवली, ती सगळ्यांकडं फिरली. मग जोहार करून आम्ही निघालो. बांबू हा शब्द कोणाच्या तोंडून निघाला नाही. गाडीत मी न राहवून म्हटलं, ‘‘बाई, एवढ्या लांब आलो, कामाचं तर बोललाच न्हाई.’’

‘‘बोलली ना. तू ऐकलं नाई.’’

‘‘कधी?’’

‘‘त्याहीले पाह्याचं होतं का ही बाई गडबड करते का. मी नाई केली. झालं बोलणं.’’

संध्याकाळी फोन आला. बांबू देऊ, पहिली गाडी शुक्रवारी. मी स्टिअरिंगला हात लावून तसाच बसलो. आमच्याकडं बैल घ्यायचा तरी बाजारात दिवसभर ओरडावं लागतं.

शुक्रवारी जपानचे पाहुणे येणार होते, म्हणून तर मोहिते साहेब पुण्याहून आले होते. कारखान्यात बांबूच्या पातळ पट्ट्या होतात, त्या घराच्या भिंतींना लावायला जपानात न्यायचा मोठा व्यवहार होता. तो झाला तर कारखाना वर्षानुवर्षं चालणार. नाही झाला तर गेटला कुलूप, हे शेडमधल्या बायकाही बोलत होत्या. पाहुण्यांची अट साधी होती. ह्याच जंगलाचा ताजा तोडलेला बांबू गाडीतून उतरताना त्यांना डोळ्यांनी बघायचा होता. दुपारपर्यंत बघायचा आणि नागपूरहून संध्याकाळचं विमान धरायचं.

पाहुणे दोघं. तानाका म्हणून एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांच्यासोबत एक तरुण पोरगा. तानाका साहेब इंग्रजी जपून बोलायचे, बाईही जपूनच. दोघांचंही ते उसनं, त्यामुळं दोघंही ते उसन्या भांड्यासारखं वापरायचे, हळू उचलायचे, हळू ठेवायचे. मोहिते साहेबांचं इंग्रजी मात्र धबधबा. साहेब बोलायला लागले की तानाका साहेब मान हलवायचे, आणि साहेब खूश व्हायचे. बाई मला नंतर म्हणाल्या, ‘‘मान हलवली म्हंजे ऐकलं. मानलं असं नाई. आपला मडावी भाऊ ‘हव’ म्हणते तेव्हा काय मानते का? हे ज्याले समजलं नाई त्यानं गावाबाहेर धंदा करू नये.’’

सकाळी आधी चहाचीच फजिती. शेवंताबाई म्हणून शेडमधली बाई चहा करायची, पट्ट्या काढायलाही तीच. तिनं तानाका साहेबांना ग्लासभर चहा दिला. त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. शेवंताबाईला वाटलं, बिचाऱ्याला आवडला, अजून पाहिजे. तिनं भरला. त्यांनी परत संपवला, कारण त्यांच्याकडं ग्लासात चहा उरवणं वाईट. तिनं परत भरला. पाहुण्यांचा चेहरा हळूहळू चहाच्या रंगाचा व्हायला लागला. मोहिते साहेब म्हणाले, ‘‘बघा, किती आवडला!’’ बाई शेडमधून आल्या, ग्लासाकडं एकदा बघितलं आणि तानाका साहेबांना इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. मग आम्हाला मराठीत सांगितलं, ‘‘म्हटलं, तळाले एक घोट ठेवा, नाईतर ही माउली तुम्हाले सोडत नाई.’’ तानाका साहेबांनी घोटभर चहा ठेवला, ग्लास दोन्ही हातांनी शेवंताबाईसमोर धरला आणि वाकले. शेवंताबाई लाजून चुलीमागं गेली. ‘‘अवो बाई, हे काऊन वाकून राह्यले?’’

दुपार झाली. गाडी येईना. मार्चचं ऊन चंद्रपुरात कसं असतं ते ज्यानं भोगलंय त्यालाच माहीत. पत्रा तडतडत होता. बाई त्या तरुण पोराला शेडमध्ये यंत्रं दाखवत होत्या. मोहिते साहेब मला म्हणाले, ‘‘फोन लाव. गाडी कुठाय?’’

मी मडावी भाऊंना फोन लावला. भाऊ म्हणाले, ‘‘गाडी येऊन राह्यली ना भाऊ.’’

आता सांगतो ते नीट ऐका. आमच्या माणदेशात पाहुणी ‘येऊन राहिली’ म्हणजे ती आली, पिशवी खुंटीला टांगली, आणि आता चार दिवस हलत नाही. इथं येऊन मला आठवडाही झाला नव्हता. ‘करून राह्यलो, जाऊन राह्यलो’ कानावर पडत होतं, पण मला वाटायचं, ही माणसं राहण्याबद्दल फार बोलतात. मी साहेबांना सांगितलं, ‘‘साहेब, गाडी येऊन राहिलीया.’’

साहेबही पुण्याचेच. ‘‘आली? कुठं?’’

‘‘आता आली म्हंजे गेटावरच असणार की.’’

साहेब टाळी वाजवून उठले. पाहुण्यांना म्हणाले, ट्रक गेटवर उभा आहे. एवढं इंग्रजी मलाही कळलं. तानाका साहेब उठले, कोटाचं बटण लावलं, डोक्यावर टोपी घातली. तो पोरगा कॅमेरा घेऊन धावत आला. शेडमधल्या बायका सुऱ्या ठेवून मागं निघाल्या. मी सगळ्यांच्या पुढं, गेट उघडायला. गेट उघडलं.

रस्ता मोकळा. एक बकरी.

मी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, वेड्यासारखं गेटच्या मागंही बघितलं, जसा काही ट्रक तिथं लपून बसेल. तानाका साहेब रस्त्याकडं बघत उभे राहिले. मग डोळे मिटले.

मोहिते साहेबांनी माझा दंड धरला. ‘‘खोटं बोललास? पाहुण्यांसमोर? आत्ताच्या आत्ता बॅग भर. संध्याकाळच्या गाडीनं घरी. परत तोंड दाखवू नकोस.’’

मी भाऊंनी सांगितलं तेच सांगितलं होतं, शब्दाला शब्द. मग ट्रक कुठं गेला? मला वाटलं भाऊंनी फसवलं. मला वाटलं मला वेड लागलंय. आईला काय सांगू, आठवड्यात परत आलो? साहेब मला सोडून पाहुण्यांकडं वळले आणि धबधबा सुरू झाला. तानाका साहेब डोळे मिटूनच. साहेब थांबले की शांतता व्हायची, आणि शांतता झाली की साहेब घाबरून आणखी काहीतरी देऊ करायचे. बाईंनी नंतर मला अर्थ सांगितला. आधी भाव कमी केला, मग माल लवकर देतो म्हणाले, आणि शेवटी म्हणाले, ह्या जंगलाचा नको असेल तर दुसरीकडून बांबू आणून देतो. पाहुणे आले होते ते ह्याच जंगलासाठी.

तेवढ्यात बाई गर्दीतून पुढं आल्या. आधी साहेबांकडं गेल्या नाहीत, पाहुण्यांकडं गेल्या नाहीत. माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

‘‘भाऊ काय बोलले? तुह्या शब्दात नाई. त्याहीचे शब्द सांग.’’

‘‘गाडी येऊन राह्यली.’’

बाई हसल्या. खरं सांगतो, माझं घर बुडत होतं आणि त्या हसल्या. ‘‘अरे पुण्यावाल्या! येऊन राह्यली म्हंजे येत आहे! रस्त्यानं आहे!’’ मागं शेवंताबाई आणि सगळ्या बायका फुटल्या. ‘‘बाप्पा! ह्याले वाटलं येऊन बसली!’’ मराठीच्या एका शब्दानं मराठी माणसाला मारलं होतं.

साहेबांचं चालूच होतं. बाई त्यांच्याकडं वळल्या. साहेबांशी बोलताना त्यांचं मराठी नेहमी पुण्याकडं झुकायचं, अगदी मऊ. त्या दिवशीही मऊच होतं. ‘‘साहेब, आता थांबा. एकही शब्द बोलू नका.’’

कंपनीत मोहिते साहेबांना असं कोणी म्हटलेलं मी पाहिलं नव्हतं. साहेबांचं तोंड उघडं राहिलं आणि तसंच उघडं राहिलं.

बाई तानाका साहेबांशी बोलल्या, ते थोडंच. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना नागपूरला सोडून परतताना त्यांनी मला ते मराठीत सांगितलं, म्हणून मला माहीत आहे. ‘‘हा माणूस खोटं बोलला नाही. इथल्या शब्दाचा अर्थ त्याच्या गावी वेगळा आहे. मी त्याला इथली बोली शिकवली नाही, ती माझी चूक आहे. गाडी येते आहे. कधी पोचेल ते मला माहीत नाही. गावाचे लोक ड्रायव्हरला जेवू घातल्याशिवाय सोडत नाहीत. तुम्ही थांबलात तर बांबू दिसेल. गेलात तर मला राग नाही.’’

आणि मग गप्प झाल्या.

बाई गप्प, पाहुणे गप्प, साहेब लालबुंद, बकरी शेवंताबाईचा पदर चावतेय. मोहिते साहेबांनी दोनदा श्वास घेतला बोलायला, बाईंनी नुसतं बघितलं. शेवटी तानाका साहेबांनी डोळे उघडले. टोपी काढली, गेटजवळच्या बांबूच्या भाऱ्यावर बसले आणि माझ्याकडं बोट करून काहीतरी विचारलं.

‘‘शब्द विचारून राह्यले,’’ बाई म्हणाल्या. ‘‘सांग.’’

मी सांगितला. तानाका साहेब म्हणाले, ‘‘येऊन लायली.’’ शेवंताबाई रस्त्यावर बसूनच हसायला लागली.

विमान चुकलं. गाडी ऊन कलल्यावर आली, आणि ट्रकच्या केबिनमध्ये मडावी भाऊ स्वतः, मांडीवर पानात बांधलेली भाजलेली मोहफुलं. पाहुणे येणार म्हणून आणलेली. त्यांना इथला गोंधळ कुठं माहीत? खाली उतरून म्हणाले, ‘‘जेवन केलं का सगळ्याहीनं?’’ तानाका साहेबांनी ओल्या बांबूवर तळहात ठेवला आणि तिथंच उभे राहिले, त्या झाडाखाली बाई बसल्या होत्या तसे. भाऊ त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. दोघं म्हातारे बराच वेळ एका बांबूकडं बघत होते. कोणाला कोणाची भाषा येत नव्हती आणि कोणाचं काही अडत नव्हतं.

संध्याकाळी साहेबांनी मला परत बोलावलं. ‘‘बॅग भरली?’’

बाई दारात होत्या. ‘‘तो माझ्या हाताखाली आहे, साहेब. चूक माझी आहे. हेड ऑफिसला माझ्या नावानं कळवा.’’

‘‘विचार करून बोला.’’

‘‘करून बोलले.’’

साहेबांनी कळवलं. मी राहिलो. पुढं दोन महिन्यांनी व्यवहारही झाला. का झाला, मला माहीत नाही. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, ‘‘मले का मालूम? नागपूरचं इमान चुकलं म्हणून झाला असंल. रात्री चंद्रपुरात झोपले, सकाळी परत एकदा बांबू पाह्यला.’’

त्यानंतर दोन वर्षं मी बाईंची गाडी चालवली. त्यांच्यासोबत राहून मला एक कळलं, की माणसाला घाबरायचं असेल तर ते आधी करून घ्यावं, मग माणसांकडं जावं. बाई गाडीत घाबरायच्या. ‘‘आज होत नाई पाह्य,’’ असं म्हणत जवसाची चटणी बोटानं चाटायच्या. उतरल्या की नावाला भीती नाही. सिरोंच्याला गेलो होतो गोदावरीच्या काठी, पलीकडं तेलंगण. ट्रकचा मालक तेलुगू बोलणारा, कपाळाला आठ्या घालून बसलेला. बाईंनी ‘‘बागुन्नारा?’’, म्हणजे बरे आहात ना, म्हणून सुरुवात केली आणि पुढचं तेलुगू असं मोडून टाकलं की त्याचं पोरगं हसलं, मग बायको हसली, मग तो स्वतः. मग बाई हिंदीवर आल्या. मला म्हणाल्या, ‘‘पयले त्याच्या भाषेत पडून दाखवजो. तो हसला म्हंजे वर बसला. वर बसलेला माणूस भेत नाई, अन् न भेणारा खोटं बोलत नाई.’’

आपल्या माणसांत त्या ‘जय भीम’ म्हणायच्या, भाऊंना जोहार, कारखान्यात नमस्कार, फोनवर जपान्यांना त्यांचं त्यांचं. मी एकदा धीर करून विचारलं, ‘‘बाई, मग तुमचा खरा नमस्कार कोणता?’’ त्या म्हणाल्या, ‘‘सगळे खरे. खोटा म्हंजे ज्याच्यात मान नाई तो.’’

पण त्यांना सगळं जमायचं असंही नाही. बल्लारपूरला त्यांची म्हातारी आई, वडील तिथं गिरणीत कामगार होते. बाई रोज फोन करायच्या. आई म्हणायची, ‘‘काही नाई.’’ बाई फोन ठेवून स्वतःवरच चिडायच्या. ‘‘साऱ्या दुनियेचं समजते मले. ह्या बुढीचं ‘काही नाई’ म्हंजे दुखते का राग आहे, ते समजत नाई.’’ पाहुण्यांशी एवढ्या मऊ, आणि शेडमधल्या पोरींवर मात्र त्या अशा ओरडायच्या की मला पोरींची कीव यायची. एकदा मी तसं म्हटलं. ‘‘पाहुणा जाते घरी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ह्या माह्या आहेत.’’

मग यंदा उन्हाळ्याआधी बातमी आली की बाईंची बदली झाली. आसामात कंपनी बांबूचा नवा कारखाना काढते आहे, तिथं. मला आश्चर्य वाटलं, कारण सगळे म्हणत होते की बाई पुण्याला जाणार. परदेशाचा सगळा व्यवहार बघायची मोठी जागा पुण्यात निघाली होती. शेवंताबाईनं तर ‘पुण्याचं घर पाह्याले मले नेजा’ म्हणून बाईंकडून वचन घेतलं होतं.

मोहिते साहेब आले होते. मी त्यांना नागपूरला सोडायला निघालो. मूल गावाच्या पुढं साहेब मागून म्हणाले, तेही सहज, मोबाईल बघत. ‘‘तुझ्यामुळं गेली रे तिची खुर्ची.’’

‘‘काय साहेब?’’

‘‘पुण्याची. कमिटीत तोच विषय निघाला. पाहुण्यांसमोरचा घोळ. कोणीतरी म्हणालं, तिनं स्वतःच कबूल केलंय की चूक तिची. झालं. मी म्हटलं होतं तिला, विचार करून बोला.’’

मी गाडी बाजूला घेतली. साहेब विचारत होते, काय झालं, पंक्चर आहे का. मी उतरून चाकाकडं बघत उभा राहिलो. चाक ठीक होतं. दोन वर्षं मी रोज त्यांच्या शेजारी बसून गाडी चालवली. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असणार की ह्याचं बिल कधीतरी येणार. चटणीचा डबा माझ्यापुढं धरताना, माझ्या आईच्या गुडघ्यासाठी तेल पाठवताना, माझी बोली सुधारून देताना, एकदाही त्यांच्या तोंडावर ते दिसलं नाही. दुसऱ्याच्या मनातलं ओळखायला मला त्यांनीच शिकवलं होतं, आणि त्यांच्या मनातलं मला कळलं नाही. साहेब चिडून खाली उतरले तेव्हा मी म्हटलं, ‘‘काही नाई साहेब. बसा.’’

बाईंना मीच बल्लारपूर स्टेशनवर सोडलं. मडावी भाऊ घोटहून आले होते, शेवंताबाई आणि शेडमधल्या पोरी होत्या. सगळ्या पोरी रडत होत्या आणि बाई त्यांच्यावर ओरडत होत्या, यंत्राला तेल घालत जा म्हणून. मी सामान आत ठेवलं, आणि डब्याच्या दारात त्यांना गाठलं.

‘‘बाई, साहेबांनी सांगितलं मला.’’

त्या समजल्या. ‘‘पुण्याले जाऊन काय केलं असतं रे? तिथी सगळे तुह्यासारखं बोलतात.’’

मला हसू आलं नाही. ‘‘तुम्ही मला जाऊ द्यायचं होतं.’’

‘‘तुले? अन् मंग त्या भाऊले काय सांगितलं असतं? का तुह्या शब्दापाई पोट्ट्याची नोकरी गेली?’’ त्यांनी भाऊंकडं बघितलं. भाऊ लांब खांबाजवळ पंचा सावरत उभे होते. त्यांना आजही काही माहीत नाही. बाईंनी त्यांना कधी कळू दिलं नाही, आणि मीही देणार नाही.

शिट्टी झाली. गाडी हलली. बाईंनी दाराचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. गाडीतून उतरल्यावर ज्या बाई कधी घाबरल्या नाहीत, त्या बाई. मी डब्याबरोबर चालायला लागलो. त्या वाकल्या, आवाज खाली आणला, पोरींना ऐकू जाऊ नये म्हणून.

‘‘संपत, भेव वाटते रे. माह्या ओळखीचं कोणी नाई तिथी.’’

गाडीनं वेग घेतला, बुटांचा पांढरा रंग तेवढा थोडा वेळ दारात दिसला.

फलाटावर जे सुचलं नाही ते आता लिहितो. बाई, घरापासून लांब जायला माझ्याइतका भिणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. पण तिथल्या डोंगरात तुमच्या शेजारी बसून गाडी चालवायला माणूस लागेल, तेव्हा मला कळवा. आईची सोय मी लावून ठेवतोय. तिथली बोली मला येत नाही, रस्ते माहीत नाहीत, माझ्यामुळं तिथंही काहीतरी घोळ होणारच. पण त्या वेळी चूक कोणाची असं कोणी विचारलं, तर पहिलं नाव मी माझं सांगेन. तुमच्या आधी सांगेन. तेवढं मी तुमचं देणं लागतो, आणि ते मी फेडणार आहे.